कव्हरवरचा धबधबा

२००६च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जळगावहून गावी निघालो तेव्हा माझ्या पिशवीत मायसाठी लुगडं होतं, भाचरांसाठी केळीचे वेफर्स होते आणि एक व्हीसीडी होती. व्हीसीडी मी फुले मार्केटातल्या एका दुकानातून चाळीस रुपये रोख मोजून घेतली होती. वास्तविक ती मला फुकट मिळायला हवी होती, कारण तिचं कव्हर मीच केलं होतं. निर्माता म्हणाला होता, "दोन कॉप्या तुन्या, भो." त्या दोन कॉप्या अजून यायच्या आहेत.

त्या वेळी मी गोलाणी मार्केटमधल्या एका डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर होतो. दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक लेझर प्रिंटर आणि बटर पेपरचे गठ्ठे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, डाळ मिलची लेबलं, दशक्रियेची कार्डं असलं काम. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की कॉम्प्युटर आपला आपण बंद पडायचा. मग आम्ही त्याचं झाकण उघडून टेबलफॅन त्याच्याकडे वळवायचो आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घ्यायचो.

अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडीचे ते दिवस होते. त्याआधी कॅसेटी होत्या, पण कॅसेटीत नुसता आवाज. सीडी रायटर स्वस्त झाले, हॅण्डीकॅम भाड्याने मिळू लागले आणि धुळे, जळगाव, नंदुरबारात ज्याच्याकडे चार गाणी आणि एक मोटारसायकल होती तो निर्माता झाला. माल खपायचाही. लग्नसराईत बँडवाल्यांना नवी गाणी लागत. सुरतेला उधना-लिंबायतकडे पोटासाठी गेलेल्या आपल्या माणसांना टीव्हीवर कोणीतरी 'काय करी ऱ्हायना' म्हणताना दिसलं की तेवढंच बरं वाटे. इकडून सुरतेला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये पापड-कुरडयांच्या डब्यांबरोबर व्हीसीडीही जात.

ती मुलगी अशाच एका व्हीसीडीतून सगळ्यांना माहीत झाली. मूळची ऑर्केस्ट्रात नाचणारी. नाव लिहीत नाही; तेव्हाही कोणी तिला नावाने ओळखत नव्हतं. एका गाण्यात तिने केसात मोठं लाल फूल लावलं होतं, म्हणून 'लाल फूलवाली'. गाणं साडेचार मिनिटांचं, त्यात ती मिनिटभरच, पण त्या मिनिटात एका कडव्याच्या शेवटी ती कॅमेऱ्याकडे बघून असं काही हसली होती की धुळ्याच्या स्टॅण्डवर पोरं दुकानदाराला विचारत, "लाल फूलवालीनी नवी कव्हय ई ऱ्हायनी?" मीही त्या पोरांतलाच होतो, उगाच मोठेपणा कशाला घेऊ.

म्हणून आग्रा रोडवरच्या एका बोळात कॅसेट आणि रिचार्जचं दुकान असलेला तो निर्माता आमच्या गाळ्यात आला आणि म्हणाला, "तिनी आख्खी व्हीसीडी काढी ऱ्हायनू, आठ गाना," तेव्हा मी शेठच्या आधी त्याला खुर्ची दिली.

या धंद्यात आधी कव्हर, मग शूटिंग. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल, पण कव्हर दाखवल्याशिवाय गावोगावचे दुकानदार ऑर्डर देत नसत, आणि ऑर्डरीचे पैसे हातात आल्याशिवाय कॅमेरा भाड्याने येत नसे. त्याने मला तिचा एक पोस्टकार्डाएवढा फोटो दिला. कुठल्याशा कार्यक्रमात फ्लॅश मारून काढलेला. फिकट गुलाबी शरारा, मागे जनरेटरची वायर आणि एका माणसाचा अर्धा खांदा. कामाचा होता तो फक्त चेहरा.

रात्री दुकान बंद करून मी एकटा बसलो. फोटो स्कॅन केला. पेन टूलने चेहऱ्याच्या कडेने बिंदू टाकत गेलो. कानापाशी केस सुटे होते, तिथेच तास गेला. आमच्याकडे मुंबईहून इमेज सीडी यायच्या, एकेका सीडीत शेकड्यांनी फोटो, कोणाचे कोणाला ठाऊक नाही. त्यातली हिरव्या साडीतली एक बाई घेतली, तिचा चेहरा काढला आणि हिचा बसवला. गळ्याचा रंग जुळेना. ती बाई गोरी, ही सावळी. सोपा उपाय म्हणून मी हिला दोन घरं उजळ केली. मागे धबधबा टाकला, तोही त्याच सीडीतला. केरळातला की परदेशातला, कोण जाणे. मॉडेलचे पाय खाली कापले गेले होते, तिथे 'आठ धमाल गाणी'ची पिवळ्यातून लाल होत जाणारी पट्टी बसवली. आणि मागच्या बाजूला, जाड अक्षरात छापलेल्या गाण्यांच्या यादीखाली, भिंगाने दिसेल एवढ्या टायपात माझं स्वतःचं नाव टाकलं. चार रंगांची छपाई आमच्याकडे होत नव्हती, फाईल सीडीवर भरून मोठ्या प्रेसला गेली. निर्मात्याने प्रिंट पाहिली आणि मांडीवर थाप मारली. "आते इकाई जाई."

आणि खरंच विकली गेली. दुकानातून मी घेतली ती खोक्यातली शेवटून दुसरी होती.

जळगावहून धुळ्याकडे जाताना पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. एसटीत उभं राहून अडीच तास. आमचं गाव धुळ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. पोचलो तेव्हा दोघी बहिणी आलेल्या होत्या, निंबाला झोका बांधला होता, घागर पुजून झाली होती आणि माय खापरावर पुरणपोळी टाकत होती. आखाजीला आमच्याकडे माहेरवाशिणी झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर. व्हीसीडी आणल्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. जेवणं झाल्यावर सांगितलं, आणि पत्ते मोडले.

तेव्हा गावात दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. दुपारी तीनला येणार असं ठरलं होतं, ती साडेतीनला आली. तोवर आमच्या ओसरीत अर्धी गल्ली जमली. शेजारचे नाना स्वतःची खाट घेऊन आले. थोरल्या पाव्हण्याने प्लेअरची वायर दाताने सोलून जोडली. मोठी माय, म्हणजे माझी आजी, भिंतीला टेकून सगळ्यात पुढे, कारण तिला लांबचं दिसत नसे. कव्हर हातोहात फिरत होतं. धाकट्या बहिणीचा पोरगा सहा वर्षांचा. त्याला बाईशी देणंघेणं नव्हतं, त्याने धबधब्यावर बोट ठेवलं आणि तो टीव्हीसमोर मांडी घालून बसला.

पहिलं गाणं सुरू झालं. लळिंगचे खडक मी ओळखले. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, अख्खं धुळं बघायला जातं. शूटिंग झालं होतं एप्रिलात. काळा कोरडा कडा, खाली पालापाचोळा, आणि त्यावर ती, त्याच गुलाबी शराऱ्यात, अनवाणी. दोन पावलं नाचे आणि पटकन उडी मारल्यासारखा पाय उचले. मग दुसरा. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ती नवी स्टेप वाटली. गाणं संपेपर्यंत ती एकदाही हसली नाही. मी त्या हसण्यासाठी चाळीस रुपये दिले होते.

"मामा, पानी कव्हय ई?" पोराने विचारलं.

"येईल पुढे," मी म्हणालो.

दुसऱ्या गाण्यात हिरवी साडी आली आणि ओसरीत जरा हालचाल झाली. पण साडीतली बाई पाठमोरी होती. चालते पाठमोरी, नाचते पाठमोरी, विहिरीवर पाणी भरते तेही पाठमोरी. एकदा चुकून वळली तर ती दुसरीच, चाळिशीची, बहुधा कोणाची तरी वहिनी. "हाई ती पोर नई शे," नाना खाटेवरून म्हणाले, जणू कोर्टात साक्ष देताहेत. मला मात्र त्या साडीचा रंग बघून घाम फुटला. निर्मात्याने माझं कव्हर समोर धरून तसलीच साडी बाजारातून आणली होती.

तिसरं गाणं म्हणजे पहिल्याचाच नाच, चाल वेगळी. पायांचा ठेका कुठे आणि ढोलकी कुठे. चौथ्यात एक पोरगा मेहरूण तलावाच्या कडेने मोटारसायकल फिरवत होता, गाण्यात जळगावच्या पोरीला जळगावच्या पोराची साद आणि गाडीची पाटी एमएच १८, म्हणजे धुळ्याची. पाव्हणा यावर इतका हसला की त्याला ठसका लागला. पाचव्यात माणसंच नव्हती, गुलाबाची फुलं एकामागून एक. सहावं आणि सातवं मला आठवत नाही. आठवं गाणंच नव्हतं. त्याच निर्मात्याच्या जुन्या व्हीसीडींची जाहिरात होती. सगळं मिळून अडतीस मिनिटं. व्हीसीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटं सहज मावतात. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, व्हिडिओ कॅसेटच्या तोडीचं इतकंच, त्यामुळे जरा कोणी वेगात नाचलं की चेहऱ्याचे चौकोन चौकोन होत. आता लिहिताना हे सगळं मजेदार वाटतं. तेव्हा मी मान खाली घालून चटईची काडी तोडत होतो.

"एवढा पैसामा आंबा उनतात," पाव्हणा म्हणाला. माणसं उठायला लागली. नानांनी खाट उचलली. पोरगा हलला नाही. त्याचं अजून पाणी यायचं होतं.

मोठी माय म्हणाली, "तिना पाय भाजी ऱ्हायंथात."

कोणाला कळेना कोणाचे. तिने टीव्हीकडे हात केला. "सकायपाईन नाची ऱ्हायनी व्हती बिचारी. दगड तपेल. कोनी चप्पलबी नई दिधी." तिला लांबचं दिसत नव्हतं, पण पडद्याच्या इतक्या जवळ बसून तिने सबंध वेळ तेवढंच पाहिलं होतं. आम्ही सगळे चेहरा शोधत होतो.

धाकटी बहीण कव्हर उलटं करून गाण्यांची नावं मोजत होती, आठ भरतात का ते. तिची नजर बारीक. तिने खालचं टायप वाचलं, मोठ्याने, माझ्या नावासकट. मग माझ्याकडे पाहिलं. "हाई तू करेल शे?"

त्या रात्री मी गच्चीवर लवकर झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला त्या दुकानात गेलो. सोबत दोन कॉप्यांची मागणी आणि बरंचसं भांडण घेऊन. निर्माता शांतपणे कोणाचं तरी रिचार्ज मारत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. कॅमेरा एक दिवसाच्या भाड्याने, कॅमेरामन त्याच दिवसाचा, टेप दोन. मुलगी दोन दिवस ठरली होती. पण चैत्र, सगळीकडे जत्रा, तिच्या ऑर्केस्ट्राला रात्रीचा कार्यक्रम होता, ती दुपारी दोनला गाडीत बसून गेली. तिला तरी किती द्यायचे ठरले होते? आकडा त्याने सांगितला. मी कव्हरचे घेतले होते त्यापेक्षा फार जास्त नव्हता. "मंग बाकीना गानाले कोन आनू? मनी भावजाई आनी." पाठमोरी बाई कोण होती ते असं कळलं. मग त्याने एकच विचारलं, "लोकेस्नी काय दखीसन लिधी? गाना दखीसन का तुनं कव्हर दखीसन?" याला उत्तर नव्हतं. कॉप्या मात्र मी मागितल्या. संपल्या म्हणाला.

येताना स्टॅण्डवर एका हातगाडीवर तीच व्हीसीडी पंधरा रुपयांना होती. सीडी रायटरवर मारलेली, आणि वर माझ्या कव्हरची काळी-पांढरी झेरॉक्स. धबधब्याचा नुसता करडा डाग झाला होता.

धुळ्याहून तासाभरावर मालेगाव. तिथे शेख नासिर आणि त्याच्या मित्रांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, असाच हाताला येईल त्या कॅमेऱ्यावर. पुढे फैजा अहमद खान यांनी त्या मंडळींवर माहितीपट काढला, आणि २०२५ साली रीमा कागती यांचा हिंदी सिनेमाही आला. तेव्हा जळगावात लोक मला म्हणायचे, तुमचे अहिराणी व्हीसीडीवाले तसलेच ना. मला ते पटत नाही. मालेगावच्या माणसाला तिकीट काढताना माहीत असायचं की आपल्या यंत्रमागावरचा माणूसच गब्बर होणार आहे, आणि तो तेवढ्याचसाठी जायचा. तिथे कोणी बच्चनचा फोटो छापून आत शेजारी दाखवला नव्हता. आम्ही ते केलं.

लाल फूलवालीची तिसरी व्हीसीडी आली नाही. पुढच्याच वर्षी, २००७ साली, मोझर बेअरने हिंदी सिनेमाची व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांत आणली आणि चाळीस रुपयांच्या अहिराणी गाण्यांना दुकानात फळीच उरली नाही. नंतर यूट्यूब आलं, 'हाई झुमकावाली पोर' आणि 'बबल्या इकस केसावर फुगे' देशभर वाजली, पुण्या-मुंबईच्या वरातीत लोक अर्थ न कळता नाचले. आमच्या वेळच्या निर्मात्यांतले काही त्यात तरले, बाकीचे रिचार्ज मारत राहिले.

तो धबधब्याची वाट बघणारा भाचा आता पुण्यात नोकरीला आहे आणि जपानी शिकतो. मागे दिवाळीला आला तेव्हा त्याने मला विचारलं, "मामा, तुमच्या छपाईत ग्रॅव्ह्युअर असतं ना?" मी म्हटलं, असतं, पण आमच्याकडे नाही, सिलिंडरवर कोरून छापतात, वेफर्सच्या, डाळीच्या पाकिटांना वापरतात. तो म्हणाला, जपानमध्ये त्याच शब्दावरून 'गुराबिया आयडॉल' म्हणतात. मासिकांतली रंगीत फोटोंची पानं पूर्वी त्या पद्धतीने छापत, म्हणून त्या पानांवरच्या मुली त्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. समुद्रकिनाऱ्यावर पोहण्याच्या पोशाखातले फोटो, त्यांची पुस्तकं, आणि मग त्याच मुलीच्या डीव्हीडी. नाच नाही, गोष्ट नाही, ती नुसती वावरते, बघते, हसते. "आणि तिथेही लोक तक्रार करतात," तो म्हणाला, "कव्हरवर जी दिसते ती आत नसते." मग जरा थांबून, "तुमच्या व्हीसीडीत तर धबधबा पण नव्हता." एवढ्या वर्षांनी.

ती स्वतः मला एकदाच भेटली. तोवर मी गाळा घेतला होता, मशीनही घेतलं होतं, पत्रिका कमी आणि फ्लेक्स जास्त असा धंदा. हिवाळ्यातली दुपार. ती आली ती बॅनरसाठी, तिचा आता स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. मी आधी ओळखलं नाही. काउंटरच्या काचेखाली मी जुन्या कामांचे नमुने ठेवले होते. ती पेन ड्राइव्ह देताना वाकली आणि तशीच थांबली.

"हाई साडी मनी नव्हती, भाऊ," ती म्हणाली.

मी काच पुसल्यासारखं केलं. ती रागावलेली वाटत नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगत होती. "जत्रामा लोके इचारेत, ती हिरवी साडीवाली, गोरी, ती कथी शे? मी समोर उभी ऱ्हाऊ तरी." दोन हंगाम असं चाललं. शेवटी मालकाने तिला एक हिरवी साडी आणि पांढऱ्या पावडरचा डबा आणून दिला, आणि डब्याचे पैसे पगारातून कापले.

"ते कव्हर मीच केलं होतं," मी म्हणालो. केव्हातरी म्हणावं लागणारच होतं.

तिने मला नीट पाहिलं, मग पुन्हा काचेखाली पाहिलं. "गळा बरा जोडेल शे."

पेन ड्राइव्हमध्ये एकच फोटो होता. चेहरा भरलेला, डोळ्यांखाली काळं, हातात माईक. हसत होती. मी सवयीने ब्राइटनेसवर कर्सर नेला.

"शे तसाच ठेव," ती मागून म्हणाली. "आनि फूटना काय लेशी?"

"बारा."

"दहा कर."

दहा केले. दहा बाय सहाचा बॅनर, मशीन हळू, वेळ लागणार होता. ती चपला काढून, पाय वर घेऊन स्टुलावर बसली आणि फोनवर कोणाला तरी गाडीत डिझेल भरायला सांगू लागली. मला लळिंगच्या खडकांचं विचारायचं होतं, मोठ्या मायने काय म्हटलं ते सांगायचं होतं. फोन लांबला, तोवर बॅनर निघाला. साठ फुटांचे सहाशे झाले. तिने पाचशे दिले, शंभर जत्रा झाल्यावर देते म्हणाली, आणि पंधरा दिवसांनी एका पोराबरोबर पाठवून दिले.